लॅपटॉप चालू होत नाही? आधी तो कुठे अडतोय ते शोधा

‘लॅपटॉप चालूच होत नाही’ या एका तक्रारीमागे चार निरनिराळे बिघाड असू शकतात. कुणाच्या लॅपटॉपचं बटण दाबलं तरी एक दिवासुद्धा लागत नाही. कुणाचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. कुणाच्या स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो आणि गाडं तिथेच अडतं. कुणाची विंडोज सुरू व्हायला लागते, ठिपके गोल फिरत राहतात, मग बिघाड सांगणारी निळी (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) स्क्रीन येते किंवा लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो. तक्रार एकच, पण उपाय चारही वेळा वेगळा. पहिल्या प्रकारात विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही आणि चौथ्या प्रकारात चार्जर बदलून काही होणार नाही.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा क्रम ठरलेला असतो. आधी वीज मदरबोर्डपर्यंत, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डपर्यंत पोचते. मग बायोस, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधला सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, प्रोसेसर, रॅम (कामापुरती मेमरी) आणि ग्राफिक्स तपासतो. नव्या लॅपटॉपमध्ये त्याच्या जागी यूईएफआय असतं, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. तपासणी पार पडली की तो डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम शोधतो आणि पुढचं काम तिच्यावर सोपवतो. शेवटी विंडोज आपले ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि सेवा चालू करते. लॅपटॉप ज्या पायरीवर थांबला, तिच्या आधीच्या पायऱ्या बहुतेक ठीक असतात. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी नुसतं बघा आणि ऐका. कुठला दिवा लागला, पंख्याचा आवाज आला का, बीप वाजली का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा चालू-बंद होतो का, हे कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आली तरी हीच टिपणं सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

हात लावण्याआधी

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, खालचं झाकण फुगलंय किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. चार्जर काढा आणि लॅपटॉप पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका. फुगलेली बॅटरी दाबणं, टोचणं, उचकटून काढणं म्हणजे आगीला आमंत्रण. ते काम जाणकारालाच करू द्या.

पाणी, चहा असं काही सांडलं असेल तर बंद लॅपटॉप ‘चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबायचा मोह आवरा. ओल असताना वीज सोडली की शॉर्ट होतं आणि बोर्डवरचे भाग जळतात. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, लॅपटॉप उपडा ठेवा आणि लवकरात लवकर उघडून साफ करून घ्या. तांदळात ठेवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण तांदूळ बोर्डवरचे क्षार आणि साखर काढू शकत नाहीत, आणि खरं नुकसान त्यांच्यामुळे होणाऱ्या गंजानेच होतं. हेअर ड्रायरही नको. गरम हवेने ओल आत ढकलली जाते आणि प्लास्टिकचे भाग वाकतात.

आता तुमच्या डेटाबद्दल. लॅपटॉप नवा घेता येतो, पण त्यातले फोटो, प्रबंधाचा मसुदा, हिशेबाच्या फायली नव्या मिळत नाहीत. ज्यांचा बॅकअप नाही त्यांनी आत्ताच ठरवावं, की डेटा हाती येईपर्यंत ‘रिसेट’, ‘फॉरमॅट’, ‘क्लीन इन्स्टॉल’ यांपैकी कशालाही हो म्हणायचं नाही. ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला देणाऱ्याला सोपा जातो, त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागते.

एकही दिवा लागत नाही

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्टॅबिलायझर मधून काढा, चार्जर थेट भिंतीत लावा. चार्जरच्या ठोकळ्याला दिवा असेल तर तो लॅपटॉपला न जोडता लागतो का ते बघा. मग पिन लॅपटॉपमध्ये घाला आणि पुन्हा बघा. पिन घालताक्षणी चार्जरचा दिवा विझत असेल, तर ती महत्त्वाची खूण आहे. बहुतेक वेळा लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट असतं आणि चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. चालू स्थितीतला दुसरा चार्जर लावूनही तेच झालं, तर घरच्या घरी करण्यासारखं काही उरत नाही. ते मदरबोर्डचं काम आहे.

दुसरा चार्जर लावताना त्याच्यावरचं लेबल वाचा. गोल पिनच्या चार्जरमध्ये व्होल्टेज मूळ चार्जरइतकंच हवं. बहुतेक लॅपटॉपना १९, १९.५ किंवा २० व्होल्ट लागतात. अँपिअर मूळच्या इतके किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर यांचा गुणाकार साधारण ६५ वॉट होतो. अशा लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला तर तो कुरकुरत चार्ज होईल किंवा चार्जर ओळखायलाच नकार देईल. टाइप-सी पोर्टवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपमध्ये चार्जर आणि लॅपटॉप आपसांत व्होल्टेज ठरवतात, त्यामुळे चुकीच्या व्होल्टेजची भीती कमी असते. पण फोनचा १८-२० वॉटचा चार्जर पूर्ण संपलेल्या लॅपटॉपला बऱ्याचदा जागं करू शकत नाही. केबलही तपासा. काही टाइप-सी केबल फोनपुरत्याच असतात. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्ही आजमावा, कारण चार्जिंग कधी एकाच पोर्टवर होतं.

पिन हलवल्यावर दिवा लागतो-विझतो असं होत असेल तर जॅक सैल झाला आहे. काही मॉडेलमध्ये जॅक वेगळ्या वायरवर असतो आणि स्वस्तात बदलता येतो, काहींमध्ये तो बोर्डवरच डाग दिलेला असतो. बॅटरी पार उतरलेली असेल तर चार्जर लावून निदान अर्धा तास तसाच राहू द्या, मगच निष्कर्ष काढा.

चार्जर ठीक असूनही लॅपटॉप गप्प असेल तर हार्ड रिसेट करा. हा उपाय फुकटचा आहे, डेटाला त्याचा धक्का लागत नाही आणि तो लागू पडण्याचं प्रमाणही चांगलं आहे. बोर्डवर उरलेल्या विजेमुळे पॉवर सांभाळणारी चिप कधीकधी अडकून बसते. तिची वीज पूर्ण तोडली की ती नव्याने सुरू होते.

१. चार्जर, पेनड्राइव्ह, माउस, मेमरी कार्ड, डॉक, सगळं काढा.
२. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आत असेल तर राहू द्या. काही मॉडेलच्या तळाला टाचणीएवढं छिद्र असतं. तसं असेल आणि माहितीपुस्तिकेत ते रिसेटसाठी दिलेलं असेल, तर सरळ केलेली पेपरक्लिप आत हळूच काही सेकंद दाबा. मायक्रोफोनचं छिद्र समजून-उमजून टाळा.
३. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग सोडा.
४. फक्त चार्जर लावा, एक-दोन मिनिटं थांबा आणि बटण एकदाच दाबा.

बॅटरी निघणारी असेल तर ती न लावता फक्त चार्जरवर चालवून पाहा. तसा चालू झाला तर दोष बॅटरीचा.

दिवा आहे, पंखा आहे, स्क्रीन मात्र काळी

याला दुरुस्तीवाले ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. इथे पहिला प्रश्न असा, की लॅपटॉप खरंच अडलाय, की आत सगळं नीट चालू आहे आणि फक्त दिसत नाहीये? कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यागणिक बदलत असेल, विंडोजचा आवाज येत असेल, तर लॅपटॉप चालू आहे. मग खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. आत पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड गेलाय. एचडीएमआयने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आलं तर स्क्रीन किंवा तिची केबल खराब आहे, बाकीचा लॅपटॉप ठणठणीत आहे आणि पहिलं काम म्हणजे त्याच मॉनिटरवर बसून बॅकअप घेणं. झाकण पुढे-मागे हलवताना चित्र लुकलुकत असेल तर बिजागरीतून जाणारी केबल तुटत चालली आहे.

विंडोज चालू असून स्क्रीन काळी असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एका कारणाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. झाकण बंद झालंय हे लॅपटॉपला चुंबकाच्या सेन्सरवरून कळतं, त्यामुळे चुंबक असलेलं फोनचं कव्हर, घड्याळाचा पट्टा किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप त्या सेन्सरजवळ आला तर स्क्रीन बंद होते. आजूबाजूचं सगळं बाजूला करून पाहायला काही लागत नाही.

कॅप्स लॉकही दाद देत नसेल, तर लॅपटॉप बायोसच्या तपासणीतच अडलाय. अनेक कंपन्या अशा वेळी बीप वाजवून किंवा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून दोष कुठे आहे ते सांगतात. डेलमध्ये बॅटरीचा दिवा पिवळा-पांढरा लुकलुकतो, एचपीमध्ये बहुधा कॅप्स लॉकचा. किती वेळा लुकलुकला, मध्ये किती थांबला हे मोजा. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर मोजायला सोपं जातं. मग तुमच्या नेमक्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ पाहा. एका कंपनीची खूण दुसरीला लावू नका.

या टप्प्यावर पहिला संशय रॅमवर घ्यावा. धूळ, दमटपणा किंवा धक्का यांमुळे रॅमचा संपर्क सुटतो. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी तिच्या अटी वाचा. रॅम बोर्डवरच जोडलेली असेल, जशी पातळ लॅपटॉपमध्ये असते, तर हा उपाय तुम्हाला करता येणार नाही. एरवी झाकण उघडल्याबरोबर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. बॅटरी जोडलेली असताना रॅम काढली तर बोर्ड जाऊ शकतो. धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेरच्या दिशेला ढकला, की पट्टी तिरकी वर येते. कडेला धरूनच ती ओढा. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. खोडरबरने घासण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याचा चुरा खाचेत राहतो, म्हणून मी अल्कोहोलच सुचवेन. वाळली की खाच जुळवून, तिरकीच, पूर्ण आत सरकवा आणि खाली दाबा. चिमट्यांचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, आणि एकच पट्टी दोन्ही खाचांत लावून पाहा. यावरून पट्टी खराब आहे की खाच, ते कळतं. डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम असेल तर बदलानंतर पहिल्यांदा सुरू होताना लॅपटॉप रॅमशी जुळवून घेतो आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाईने बटण दाबून तो बंद करू नका.

उघडलंच आहे तर बायोसची नाण्यासारखी बॅटरीही तपासा. ती साधारण सीआर२०३२ प्रकारची, ३ व्होल्टची असते, पण काही नव्या मॉडेलमध्ये वेगळी नसतेच. लॅपटॉपची तारीख दर वेळी मागे जात होती, असं आठवत असेल तर ती बदला. त्यानंतर बायोसच्या सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, आणि त्यातून पुढच्या भागातली एक अडचण उभी राहू शकते.

लोगो येतो, पण डिस्क सापडत नाही

‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा तशा अर्थाचा संदेश आला, की सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढून रीस्टार्ट करा. लॅपटॉप कधीकधी रिकाम्या पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसतो. तसं नसेल तर बायोसमध्ये शिरा. पॉवर बटण दाबल्याबरोबर ठरलेली कळ टिचकत राहायची. डेल, एसर आणि असुसमध्ये बहुधा एफ२, एचपीमध्ये एस्केप किंवा एफ१०, लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये एफ१ आणि इतर अनेक लेनोवोंमध्ये एफ२ असते.

तिथे डिस्कचं नाव दिसतंय का, यावर पुढचं सगळं ठरतं. नाव दिसत नसेल तर डिस्क सैल आहे किंवा मेली आहे. बॅटरीचा कनेक्टर काढून एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली चिपवर साठवणारी डिस्क) काढा आणि पुन्हा बसवा. जुनी हार्ड डिस्क असेल आणि टकटक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू करताना तिच्या पृष्ठभागावर आणखी ओरखडे पडू शकतात. त्यातला डेटा हवा असेल तर ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यायची, कुठलंही सॉफ्टवेअर चालवून पाहायचं नाही.

नाव दिसत असेल तर बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला आहे का ते पाहा. बायोस मूळपदावर गेला असेल किंवा कुणी सेटिंग चाळवल्या असतील, तर डिस्कचा मोड, म्हणजे तिच्याशी बोलायची पद्धत, बदललेला असू शकतो. ‘एएचसीआय’, ‘रेड’ किंवा इंटेलच्या काही लॅपटॉपमधला ‘व्हीएमडी’, यांपैकी विंडोज टाकताना जो होता तोच हवा. मोड बदलला की विंडोज सुरू होताना ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं सांगून निळी स्क्रीन येते आणि लोक डिस्क गेली असं समजतात. आधीची सेटिंग ठेवली की लॅपटॉप पूर्ववत चालतो. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचा तो याचसाठी.

डेलमध्ये एफ१२ आणि एचपीमध्ये एफ२ दाबून हार्डवेअरची चाचणी चालवता येते. ती विंडोजवर अवलंबून नसते. डिस्क आणि रॅम दोन्हींची चाचणी होऊ द्या आणि आलेला कोड लिहून घ्या.

विंडोज सुरू होता होता कोसळते

इथपर्यंत लॅपटॉप आला असेल तर हार्डवेअर बहुतेक चांगलं आहे. ‘अपडेट चालू आहे’ असं दिसत असेल तर आधी तासभर वाट पाहा. टक्केवारी अडकल्यासारखी वाटली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होताना अडली की ती स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या मेनूत जाते. जात नसेल तर ठिपके फिरायला लागल्यावर पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि असं दोन-तीन वेळा करा. लॉगिनची स्क्रीन येत असेल तर शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ केलं तरी तोच मेनू मिळतो. तिथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’.

आतला क्रम माझ्या मते असा ठेवावा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. ते जमलं नाही आणि बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करून ४ दाबा, की सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारी विंडोज, सुरू होतो. सेफ मोडमध्ये लॅपटॉप चालत असेल तर दोष ड्रायव्हरचा किंवा नव्या सॉफ्टवेअरचा आहे. शेवटी टाकलेली गोष्ट काढा. त्यानंतर ‘सिस्टिम रिस्टोर’. त्यात तुमच्या फायली तशाच राहतात, फक्त सिस्टिम मागच्या तारखेला जाते.

सेफ मोडचं महत्त्व १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. उपाय होता सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या मेनूत जाऊन एक फाइल पुसण्याचा. पण बऱ्याच ठिकाणी त्या फाइलपर्यंत पोचायच्या आधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची किल्ली मागितली गेली, आणि ती शोधण्यातच वेळ गेला.

तुमच्याकडेही ती मागितली जाऊ शकते. नव्या विंडोज लॅपटॉपमधली डिस्क अनेकदा मालकाच्या नकळत कुलूपबंद असते. ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या तुमच्या खात्यात पाहा, तेही मोबाइलवरून लॉगिन करून; ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे मागा. लॅपटॉप चांगला चालत असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून ठेवलेली बरी, कारण ती हरवली तर डेटा कुणालाच काढता येत नाही.

वरचं काहीच चाललं नाही तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करा आणि काहीही इन्स्टॉल न करता, फक्त ‘ट्राय’ निवडून त्यावरून लॅपटॉप चालू करा. तुमचे फोल्डर दिसतील, ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. बिटलॉकर असेल तर इथेही किल्ली लागेल. दुसरा मार्ग म्हणजे एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये, म्हणजे ती दुसऱ्या संगणकाला जोडायच्या डबीत घालणं. फक्त ती एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे दोन प्रकार) हे पाहून केस घ्या.

डेटा हाती आल्यावर मग ‘रिसेट धिस पीसी’ निवडायला हरकत नाही. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्रॅम जातातच. तेही अडलं तर मायक्रोसॉफ्टच्या टूलने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवून विंडोज नव्याने टाका. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर मघाचा व्हीएमडीचा मुद्दा आठवा, त्यासाठी इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर द्यावा लागतो.

लॅपटॉप सुरू होतो आणि पाच-दहा मिनिटांत धाडकन बंद पडतो, हे यांतल्या कशातच बसत नाही. तिथे आधी पंख्याची जाळी आणि धूळ पाहा, मग प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता वाहून नेणारा लेप.

दुरुस्तीला देताना

चार्जर लावताच शॉर्ट होणं, पाणी सांडलेलं असणं, बायोसचं अपडेट अर्ध्यात तुटणं आणि रॅम बदलूनही नो डिस्प्ले राहणं, ही कामं बाहेर द्यायची. देताना विचारा, की चिप लेव्हल दुरुस्ती (फक्त खराब भाग बदलणं) करणार की पूर्ण मदरबोर्ड बदलणार. एखादा बारीक कपॅसिटर शॉर्ट झाला म्हणून अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते, आणि दोन्हींच्या खर्चात मोठा फरक असतो. बोर्ड बदलला तर बिटलॉकर किल्ली मागणारच, कारण कुलूप जुन्या बोर्डवरच्या सुरक्षा चिपशी बांधलेलं असतं. डिस्क निघत असेल तर काढून स्वतःजवळ ठेवा; बोर्डची दुरुस्ती तिच्याशिवाय तपासता येते. डिस्क बोर्डवरच जोडलेली असेल तर ‘आतला डेटा पुसू नये’ असं पावतीवर लिहून घ्या.

परत घेताना तिथेच चालू करून पाहा, नुसत्या बॅटरीवर आणि नुसत्या चार्जरवरही. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावा, वायफाय जोडा, कीबोर्डच्या सगळ्या कळा दाबा, आणि बायोसमध्ये रॅम आधी होती तेवढीच दिसते आहे याची खात्री करा.